पहिल्या गोळीआधी दहा मिलिलिटर रक्त

कोकणातले सर्व वैद्यकीय अधिकारी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि आरोग्य विभागातले अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र टायफॉइडच्या निदानाबद्दल आहे. मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. त्यातली शेवटची चौदा वर्षं सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली. मलेरियाच्या काचपट्ट्या, थुंकी, हिमोग्लोबिन, लघवी आणि टायफॉइडसाठीची विडाल तपासणी हे माझं रोजचं काम. मृगाचा पाऊस सुरू झाला की विडालच्या चिठ्ठ्या वाढायच्या, त्या थेट गणपती उठेपर्यंत.

विडाल कशी करतात हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कॉलेजनंतर पाहिलं नसेल, म्हणून सांगते. पांढऱ्या कार्डावरच्या गोलात रुग्णाच्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचा थेंब टाकायचा. त्यावर अँटिजेनचा, म्हणजे मारलेल्या टायफॉइड जंतूंच्या द्रवाचा थेंब, जंतूच्या अंगासाठीचा 'ओ' निळा, त्याच्या शेपटीसाठीचा 'एच' लाल. काडीने कालवायचं, कार्ड मिनिटभर हातात झुलवायचं आणि उजेडाला धरून रवा, म्हणजे बारीक गुठळ्या, पडलाय का ते बघायचं. रवा पडला की सीरम कमी कमी करत पुन्हा तेच. मग कागदावर 'टीओ १:१६०, टीएच १:१६०' असं लिहून सही करायची, म्हणजे सीरम एकशे साठपट पातळ केल्याइतकं कमी घेतलं तरी रवा पडतो. तो कागद घेऊन माणूस बाहेर जायचा आणि बाकड्यावर बसलेल्या आपल्या माणसांना सांगायचा, "टायफॉइड निघालो."

असे हजारो कागद माझ्या हातून गेले. त्यातल्या खऱ्या टायफॉइडचे किती, हे आज कोणालाही सांगता येणार नाही, कारण त्या माणसांच्या रक्तात जंतू आहे का, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. आम्ही फक्त सावली पाहिली.

एक बाई मला विसरता येत नाही. जुलैचा महिना, लावणी ऐन भरात. चार दिवसांचा ताप, अंग मोडून आलेलं. विडाल केली, 'ओ' १:१६० आला. टायफॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त काढताना ती मला म्हणाली होती, "बाय, पोटऱ्ये लय दुकतत." मी ऐकलं आणि सुई काढून कापूस दाबला. चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली. मोठ्या रुग्णालयात हलवल्यावर लेप्टो निघाला, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप. डायलिसिस करावं लागलं. ती वाचली, पण पुढच्या वर्षी तिच्या कोपऱ्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, तरवा लावायला दुसरीच माणसं होती. आठवडेच्या आठवडे चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या पोटऱ्या दुखतात म्हटल्यावर पहिला विचार कशाचा यायला हवा, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो विचार आला नाही, कारण मधे माझा कागद आला होता.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. रुग्ण मागतो, विडाल स्वस्त आहे, तासाभरात कागद हातात येतो. पण ही तपासणी जॉर्ज विडाल यांनी पॅरिसमध्ये १८९६ साली मांडली, आणि ती जंतू शोधत नाही. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं ती शोधते. आपल्यासारख्या भागात, जिथे बावीचं आणि व्हाळाचं पाणी पिऊन माणसं मोठी होतात, तिथे ती प्रतिद्रव्यं धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार असतात. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, तरी असतात. मलेरियात, डेंग्यूत, इतर जंतूंच्या तापातही ती खोटी वर चढतात. आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा निदान सगळ्यात जास्त हवं असतं, तेव्हा ती वर आलेलीच नसतात. पुस्तकात लिहिलंय की सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या आणि पातळी चौपट वाढली तरच ग्राह्य धरा. एवढ्या वर्षांत दुसऱ्या नमुन्याला परत आलेले रुग्ण माझ्या दोन हातांच्या बोटांवर मावतील.

आणि आपल्याकडचे ताप तरी किती. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, आणि २०१६ पासून दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप. सगळे पहिल्या चार दिवसांत एकसारखेच दिसतात. थंडी, डोकं, अंगदुखी. अशा गर्दीत एकट्या विडालवर भिस्त ठेवणं म्हणजे धुक्यात दीपगृह विझवून होडी हाकणं आहे.

म्हणून माझी एकच मागणी आहे. तीन-चार दिवसांहून जास्त टिकलेला ताप असेल आणि तुमच्या मनात टायफॉइडची शंका असेल, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी रक्त काढा. आणि ज्यांच्या हातात सोयी आहेत त्यांनी ती बाटली तालुक्याच्या रुग्णालयात मिळेल आणि तिथून वेळेत इन्क्युबेटरपर्यंत, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार पेटीपर्यंत पोचेल, अशी व्यवस्था करा.

कल्चर म्हणजे रक्तातला जंतू जिवंत वाढवून डोळ्यांनी पाहणं. प्रशिक्षणाच्या काळात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी ते पहिल्यांदा पाहिलं. रक्ताच्या बाटलीतला थेंब मॅकाँकी आगर या जंतूंच्या खाद्याच्या ताटलीवर रेघोट्यांनी पसरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर फिकट, जवळजवळ रंगहीन, थेंबांसारख्या वसाहती. आतड्यातले नेहमीचे इतर जंतू तिथे गडद गुलाबी उगवतात, हे तसे उगवत नाहीत. मग त्यातली एक वसाहत तारेने उचलून तीन शर्करांच्या नळीत टोचली. दुसऱ्या दिवशी नळीचा उतार लाल, बूड पिवळं आणि दोन्हींच्या सांध्यावर काजळाचं बोट ओढावं तशी बारीक काळी रेघ. वायूचा बुडबुडा नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, "हा टायफी." म्हणजे टायफॉइडचा जंतू. त्यानंतर अँटिसीरमने, म्हणजे तो जंतू नेमका ओळखणाऱ्या सीरमने खात्री करून घेतली. तो रुग्ण वरच्या मजल्यावर सात नंबरच्या खाटेवर होता. त्या वसाहती त्याच्या रक्तातल्या होत्या. त्या दिवसापासून विडालचं कार्ड झुलवताना प्रत्येक वेळी मला ती ताटली आठवत आली.

आता रक्ताच्या मापाबद्दल, कारण गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तात जंतू फार विरळ असतात. कित्येकदा एका मिलिलिटरमध्ये जेमतेम एखादा. म्हणजे दोन मिलिलिटर रक्त काढलं तर बाटलीत दोन जंतू जातील, किंवा एकही जाणार नाही. म्हणून मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवं, लहान पोराचं दोन ते चार. "एवढं रक्त?" असं नातेवाईक विचारणारच. त्यांना सांगा, बाई, हे दोन चमचे आहेत. बाटलीत रक्ताच्या साधारण पाचपट ते दहापट द्रव असायला हवा, तेवढा पातळपणा आला की रक्तातले जंतू मारणारे घटक निष्प्रभ होतात. त्यामुळे लहान मुलाच्या बाटलीत मोठ्याचं रक्त भरू नका आणि मोठ्याच्या बाटलीत थेंबभर टाकून पाठवू नका.

सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने, मग आयोडीनने पुसायची आणि वाळू द्यायची. वाळू द्यायची हे मी दोनदा लिहिते, कारण घाईत तेच राहतं. पुसल्यावर शीर बोटाने पुन्हा चाचपायची नाही. बाटलीचं रबरी बूचही स्पिरिटने पुसायचं. नाहीतर कातडीवरचे जंतू बाटलीत वाढतात आणि तिसऱ्या दिवशी येणारा रिपोर्ट गोंधळ घालतो.

आणि बाटली बर्फात ठेवायची नाही. याची कहाणी माझ्या पदरची आहे. एकोणीस वर्षांचा पोर, खलाशी. नऊ दिवसांचा ताप, एकही गोळी न घेता आलेला, जीभ पांढरी, नाडी तापाच्या मानाने मंद. आमच्या डॉक्टरांनी ठरवलं की या पोराचं कल्चर करायचंच. घाटावरच्या एका खासगी लॅबमधून बाटली मागवली, मी रक्त काढलं, दहा मिलिलिटर, अगदी नियमाप्रमाणे. बाटली एसटीने न्यायला त्याचा काका तयार झाला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मासळीचा थर्माकोलचा खोका होता. रात्रभर बाटली त्या खोक्यात बर्फात होती. मी कपाळाला हात लावला तेव्हा तो म्हणाला, "बर्फात मासळी टिकता, मगे रगत टिकाचा नाय?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मासळी टिकवण्यात त्याच्या चार पिढ्या गेल्या. मी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, 'वाढ नाही'. त्या कागदाला काही अर्थ नव्हता. अंदाजाने औषध दिलं, ताप उतरला, दोन आठवड्यांनी पुन्हा चढला. त्या पोराची नारळी पौर्णिमेनंतरची सगळी सुरुवात घरात पेजेवर गेली.

रक्ताच्या कल्चरची बाटली घरातल्या साध्या तापमानात राहते. तिला फ्रीज नको, बर्फ नको. याचा आपल्याला उलट फायदा आहे. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते, लसींच्या फ्रीजची काळजी करत आम्ही रात्री जागवल्या आहेत. या बाटलीला ती काळजीच नाही. फक्त ती टेबलावर पडून राहता कामा नये. जितक्या लवकर सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जाईल तितकं चांगलं, शक्यतो त्याच दिवशी.

तुम्ही म्हणाल, रुग्ण तीन दिवस थांबत नाही. थांबायला सांगतंय कोण? रक्त काढा आणि त्याच मिनिटाला औषध सुरू करा. कल्चरसाठी उपचार अडवून ठेवायचा नसतो, फक्त क्रम बदलायचा असतो. आधी सुई, मग गोळी. एवढ्या पाच मिनिटांच्या फरकाने बाटलीतला जंतू वाचतो. अडचण आहे ती वेगळीच. आपल्याकडे येणारा माणूस मेडिकलमधून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घेऊनच आलेला असतो. म्हणून "काय घेतलंस?" हा प्रश्न आधी विचारा आणि त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहा. औषध पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता बरीच घटते, आणि लॅबमधल्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे.

खोटी आशाही देत नाही. रक्ताचं कल्चर हे अंतिम सत्य नाही. टायफॉइड असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे साठांमध्येच ते पॉझिटिव्ह येतं. अस्थिमज्जेचं कल्चर यापेक्षा भरवशाचं, औषध सुरू झाल्यावरही बरंचसं उपयोगी, पण ती सुई तालुक्याच्या जागी कोणी लावणार नाही आणि लावूही नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शौचाच्या कल्चरमध्ये जंतू सापडू लागतात. तेव्हा रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉइड नाहीच असं म्हणू नका. पण पॉझिटिव्ह आलं तर मात्र शंका उरत नाही, आणि त्यासोबत जे मिळतं ते विडाल जन्मात देणार नाही. कोणतं औषध लागू पडेल, याचं उत्तर.

ही गोष्ट आज सगळ्यात मोठी आहे असं मला वाटतं. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि टायफॉइडने मरणारी माणसं वाचू लागली. १९७२ साली आपल्याच किनाऱ्यावर, खाली कोळिकोडला, त्या औषधाला दाद न देणारा टायफॉइड पसरला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तीन जुनी औषधं एकदम निकामी करणारा जंतू देशभर आला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही बघता बघता बोथट झालं. आता सगळा भार सेफ्ट्रायॅक्सोन, सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिनवर आहे. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रायॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. तो उद्या रेल्वेने, बोटीने, विमानाने आपल्याकडे आला तर कळणार कुठून? ताटलीवर औषधाची चकती ठेवून तिच्याभोवती जंतू किती मिलिमीटर मागे हटतो, हे मोजणाऱ्या माणसाकडून. विडालच्या कार्डावर सिंधचा जंतू आणि आपला जंतू सारखाच रवा पाडतो. आणि गंमत अशी नाही, दुःख असं आहे की विडालच्या भरवशावर ज्यांना टायफॉइड नव्हताच अशा माणसांनाही आपण हीच औषधं चारत आलो, आणि त्या प्रत्येक गोळीबरोबर जंतूंना धडे देत आलो.

आता सोयीबद्दल. मी नोकरीला लागले तेव्हा ही मागणी केली असती तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. कल्चर म्हणजे घाटावर किंवा मुंबईला, एवढंच माहीत होतं. आज अलिबागला, सिंधुदुर्गनगरीला आणि रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत, शिकणारी मुलं आहेत. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने दूरच्या आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज जातात. त्याच गाडीत रक्ताची बाटली गेली तर तिला वेगळं भाडं नाही. फक्त थुंकीच्या बर्फाच्या खोक्यात ती टाकू नका, वेगळ्या पिशवीत द्या, एवढं चालकाला सांगावं लागेल.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मोठ्यांच्या आणि लहानांच्या थोड्या थोड्या बाटल्या, मुदत संपण्याची तारीख बघून ठेवलेल्या, एवढंच हवं. मे महिन्यात मागणी केली तर पावसाआधी येतील. आणि चिठ्ठीवर रुग्णाचा मोबाईल नंबर हवाच. गणपतीला आलेला चाकरमानी गौरी उठल्या की परत जातो, त्याचा रिपोर्ट येतो तेव्हा तो विरारच्या लोकलमध्ये लटकत असतो. त्याला फोन करून "तुझ्या रक्तात टायफॉइडचा जंतू निघालाय, हे औषध पुरे कर, अर्ध्यावर सोडू नको" असं सांगणारं कोणीतरी असलं पाहिजे.

आरोग्य अधिकाऱ्यांना आणखी एक सांगायचंय. एखाद्या वाडीतून एक जरी कल्चर पॉझिटिव्ह आलं, तरी तुमच्या आरोग्य सेवकाला त्या वाडीच्या बावीवर जायचं ठोस कारण मिळतं. पाण्यातलं क्लोरीन बघणारी ओटी टेस्ट, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) डोस, वरच्या अंगाला खोदलेला शोषखड्डा, सगळं तपासता येतं. विडालच्या पंधरा कागदांवरून कुठल्या बावीकडे धावायचं? आणि लसीचं बघा. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम घेतली, सरकारी पातळीवर ही लस देणारं ते जगातलं पहिलं ठिकाण. लसीचा उपयोग झाला की नाही, हे तिथे रक्ताच्या कल्चरवरून मोजलं गेलं. नवी मुंबई कोकण विभागातच आहे. उद्या आमच्या देवगड-दापोलीच्या पोरांना ती लस हवी का, असं कोणी विचारलं तर आपण काय दाखवणार? माझे कागद?

जुनी माणसं टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणायची. एकवीस दिवस काढायचे, पेज द्यायची, देवाला नारळ बोलायचा. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडून गेलेली माणसं माझ्या आजोळीही आहेत. त्यांच्याकडे बाटली नव्हती. आपल्याकडे आहे, फक्त ती घाटाच्या पलीकडे किंवा जिल्ह्याच्या कपाटात आहे.

मला आता वेळच वेळ आहे. तिन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात किंवा दवाखान्यात तुमच्या परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना कल्चरचं रक्त कसं काढायचं, बाटली कशी बांधायची, चिठ्ठी कशी भरायची हे दाखवायला मी येईन. एक सकाळ पुरते. येण्याजाण्याचा खर्च माझा मी करीन. पाऊस लागायच्या आत बोलवा, कारण पहिल्या आठवड्यातच रुग्ण बाकड्यावर येऊन बसायला लागतात.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सिंधुदुर्ग